जुन्या भरीव विटांच्या भिंतीला उष्णतारोधक थर : जाडी ठरवण्याआधी ओलीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर सुमारे नव्वद वर्षांपूर्वीचे आहे. बाहेरच्या भिंती भरीव विटांच्या, २३० मिलिमीटर जाडीच्या असून त्यांना दोन्ही अंगांनी गिलावा आहे. हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास उतरतो, भिंतीला हात लावला की ती गार लागते आणि झोपण्याच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरते. ठेकेदाराने आतून ५० मिलिमीटर फोमचे तक्ते लावून त्यांवर जिप्समचे तक्ते बसवावेत असे सुचवले आहे. ते करावे का, आणि करायचेच असेल तर थर एकदम १०० मिलिमीटरचा घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की, फोमचे तक्ते लावण्याची घाई करू नये. आधी भिंतीत पाणी कोठून येते ते शोधून बंद करावे. त्यानंतर शक्य असेल तर थर बाहेरून द्यावा. आतूनच द्यावा लागला तर ओल शोषून परत सोडणाऱ्या सामग्रीचा, साधारण ५० ते ६० मिलिमीटर जाडीचा आणि भिंतीला पूर्ण चिकटलेला थर द्यावा. १०० मिलिमीटरच्या मागे लागू नये. जुन्या भिंतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या कामात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे की, लोक पहिल्यांदा जाडी विचारतात, मग सामग्री विचारतात आणि ‘ही भिंत भिजली तर कोणत्या बाजूने वाळेल?’ हे विचारायचेच राहून जाते. घर उबदार झाले की नाही हे पहिल्याच हिवाळ्यात कळते, पण भिंत आतून कुजू लागली हे कळायला दहा वर्षे जातात.

प्रथम कपाटामागच्या बुरशीचा हिशेब करून पाहू, कारण तिच्यात पुढच्या सगळ्या प्रश्नांची उकल आहे. खोलीत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, बाहेर शून्य अंश आहे, असे धरू. अशा हवेचा दवबिंदू साधारण ९.३ अंश असतो, म्हणजे एवढ्या गार पृष्ठभागावर पाणी धरू लागते. बुरशीला मात्र पाण्याच्या थेंबांची गरज नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तरी तिला पुरते, आणि वर धरलेल्या हवेत ही स्थिती पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली गेला की येते. आपल्या भिंतीचा उष्णतारोध पृष्ठभागांवरील हवेचे थर धरून ०.५२ च्या आसपास येतो, म्हणजे तिचे यू-मूल्य १.९ वॅटच्या पुढे जाते. दर चौरस मीटरमधून, तापमानाच्या एका अंशाच्या फरकाला एवढी उष्णता बाहेर जाते. या हिशेबाने उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग सुमारे १५ अंशांवर राहतो आणि तेथे बुरशी धरत नाही. कपाटामागे मात्र खोलीची उबदार हवा खेळत नाही. कपाट स्वतःच एक उष्णतारोधक थर बनते आणि त्याच्यामागची भिंत ९ अंशांच्या खाली उतरते. म्हणूनच बुरशी खोलीच्या मधोमध दिसत नाही, ती कपाटामागे, कोपऱ्यात आणि पलंगाच्या उशाशी दिसते.

हे कपाट लक्षात ठेवावे, कारण आतून लावलेला फोमचा तक्ता भिंतीच्या दृष्टीने हेच काम करतो आणि ते अधिक चोख करतो. ५० मिलिमीटर खनिज लोकरीइतका (म्हणजे दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंच्या थराइतका) रोध देणारा थर आतून लावला की खोलीच्या बाजूचा पृष्ठभाग १८ अंशांच्या वर जातो. खोली उबदार लागते आणि घरमालक समाधानी होतो. पण त्या थराच्या मागे, जुन्या गिलाव्याच्या पृष्ठभागावर, तापमान सुमारे ४ अंश उरते. थर १०० मिलिमीटरचा केला तर ते अडीच अंशांच्या खाली जाते. खोलीतली ९ अंशांवर पाणी सोडणारी हवा एखाद्या फटीतून तेथे पोचली, तर पाणी धरणारच. तेथे प्रकाश नाही, वारा नाही आणि कोणाची नजरही जात नाही.

आता तोच ५० मिलिमीटरचा थर बाहेरून लावला असे समजा. खोलीच्या बाजूचा पृष्ठभाग तेवढाच, १८ अंशांच्या वर राहतो. यू-मूल्यही आतून लावल्यावर येते तेच, म्हणजे ०.५२ वॅट येते. कागदावर दोन्ही कामे सारखीच दिसतात. पण या वेळी विटांचा बाहेरचा पृष्ठभाग १५ अंशांवर आणि आतला १८ अंशांवर असतो. अख्खी भिंत उबदार, पावसापासून झाकलेली आणि कोरडी राहते. तिच्यात रोवलेली तुळयांची टोके, दारांच्या चौकटी, जुने लोखंडी आधार हे सगळे त्या उबेत येते. शिवाय विटांमध्ये साठलेली उष्णता घराच्याच कामी येते. शेगडी किंवा हीटर बंद केल्यावर खोली लगेच गार पडत नाही. एकच थर, एकच जाडी, पण भिंतीच्या कोणत्या बाजूला बसला यावर तिचे आयुष्य ठरते. बाहेरून करा, असे मी पुनःपुन्हा सांगतो ते याच कारणाने.

हे मी हाताने चाचपून पाहिले आहे. एका जुन्या दुमजली घरात वरच्या खोलीची जमीन बाहेरच्या भिंतीलगत पाय ठेवला की किंचित दबते, अशी तक्रार होती. अकरा हिवाळ्यांपूर्वी तेथे आतून काचतंतूंची लोकर, तिच्यावर प्लॅस्टिकचा पडदा आणि वर जिप्समचे तक्ते असे काम झाले होते. तक्ते उतरवल्यावर प्लॅस्टिकचा पडदा बहुतेक ठिकाणी शाबूत दिसला, पण विजेच्या प्रत्येक खोक्याभोवती तो कात्रीने कापून तसाच सोडून दिला होता. लोकरीचा मागचा अंग ओला होऊन खाली बसला होता आणि जुना गिलावा चमकत होता. जमिनीची फळी उचलून तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर फारसा जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड तपकिरी पडून लहान लहान चौकोनी तुकड्यांत तडकले होते आणि चिमटीत धरल्यावर त्याची भुकटी झाली. चार पावलांवर, जिथे जिन्यामुळे आतला थर लावलेलाच नव्हता, तेथले टोक मात्र तितकेच जुने असून ठणठणीत होते. हातोडी मारली की खणखणीत आवाज येत होता. त्या घरातल्या माणसांनी पैसा आणि विश्वास दोन्ही त्या कामात घातले होते, म्हणून ते टोक मी विसरू शकत नाही.

यातून एक तांत्रिक मुद्दा नीट समजून घ्यावा. वाफ भिंतीत दोन वाटांनी शिरते. एक वाट म्हणजे सामग्रीच्या अंगातून हळूहळू पाझरण्याची. तिचा हिशेब अभियंते बऱ्याच काळापासून ग्लेझर पद्धतीने करत आले आहेत. दुसरी वाट फटींतून हवेबरोबर वाहून जाण्याची आहे, आणि ती पहिलीच्या कितीतरी पट पाणी आत नेते. म्हणून ‘आतून प्लॅस्टिकचा पडदा लावला आहे’ एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. पडदा हवाबंद नसेल तर वाफ खोक्यांच्या फटींतून आत जाते आणि उन्हाळ्यात बाहेर पडायचे म्हटले तर तोच पडदा तिची वाट अडवतो. शिवाय ग्लेझर पद्धतीत केवळ वाफेचा विचार होतो. पावसाने भिजलेली वीट, केशाकर्षणाने सरकणारे पाणी आणि उन्हाने आत ढकलली जाणारी ओल त्यात येत नाही. जुन्या भरीव भिंतीत नेमक्या याच गोष्टी निर्णायक असतात. काम मोठे असेल तर उष्णता आणि ओल यांचा तासातासाचा हिशेब करणारे संगणकीय प्रतिमान वापरणारा जाणकार शोधावा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने विकसित केलेले ‘वूफी’ हे त्यांतले सर्वांत परिचित आहे.

आता पाण्याकडे वळू. साध्या स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे चोवीस पट सहज वाहून नेते. विटेच्या रंध्रांतली हवा जाऊन तेथे पाणी आले की ती भिंत स्वतःच अधिक गार होते; म्हणजे ओली भिंत वाळवणे हेच उष्णतारोधनाचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी कोणताही तक्ता लागत नाही. भर पावसात घराभोवती एक फेरी मारावी. पन्हळ कोठे भरून वाहते, पाइपाच्या सांध्याखाली भिंत कोठे काळवंडते, खिडकीच्या पाटाखालून पाणी थेट भिंतीवर ओघळते का, छपराच्या कडेला पागोळ्या किती अंतरावर पडतात, हे त्या एका फेरीत जेवढे दिसते तेवढे कोरड्या दिवशी तासभर पाहूनही दिसत नाही. पाटाच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच असते. वर्षानुवर्षे रंगाचे थर देऊन ती बहुतेक जुन्या घरांत बुजलेली असते. ती मोकळी करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

मग जोते पाहावे. बाहेरची जमीन भर टाकून किंवा फरशी घालून वर आलेली असेल, तर जोत्यातला ओलरोधक थर, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर, मातीत गाडला जातो आणि ओल त्याला वळसा घालून वर चढते. बाहेरची पातळी त्या थराच्या निदान १५० मिलिमीटर खाली असावी. भिंतीच्या तळाशी लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी सुटून गिलाव्याचे पोपडे निघत असतील, तर तेथे क्षार साचले आहेत. अशा भिंतीवर आतून तक्ते चिकटवले तर क्षारांचा दाब गोंदालाच सोडवतो. येथे एक सावधगिरीही सांगतो. दोन टोकदार खिळ्यांचे जे ओलमापक यंत्र असते ते विजेचा रोध मोजते आणि क्षार असले की फसते. ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवू शकते. खात्री हवी असेल तर भिंतीत छिद्र पाडून निघालेली भुकटी तोलावी, भट्टीत वाळवावी आणि पुन्हा तोलावी.

बाहेरचा गिलावाही तपासावा. नव्वद वर्षांपूर्वीची भिंत चुन्यात बांधलेली असण्याची शक्यता मोठी आहे. चुना ओल शोषतो आणि सोडतो. नंतर कोणीतरी तिच्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला असेल, तर त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि त्याच गिलाव्यामुळे ते बाहेर पडू शकत नाही. गिलाव्यावर बोटाने ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे तो विटेपासून सुटलेला असतो. हे सगळे दुरुस्त झाल्यावर भिंतीला वाळायला वेळ द्यावा. जुना ठोकताळा असा आहे की, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना. म्हणजे आपल्या भिंतीला नऊ महिने, आणि त्यांत एक उन्हाळा आला तर उत्तमच. ठेकेदाराला ही वाट पाहणे परवडत नाही, पण आपल्याला परवडते.

बाहेरून काम करायचे ठरले तर त्याचे यश कडांवर ठरते. सपाट भिंतीवर तक्ते कोणीही लावतो. खिडकीच्या खाचेत, म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या बाजूच्या आडव्या-उभ्या अंगांवर, निदान २० ते ३० मिलिमीटरचा थर वळवला नाही तर उष्णता तेथून पळते आणि आतून चौकटीभोवती बुरशीची चौकट उमटते. खिडकीचे पाट नव्या जाडीच्या पुढे येतील एवढे वाढवावे लागतात, पन्हळी आणि पाइप सोडवून पुन्हा बसवावे लागतात आणि छपराची कड नव्या थराच्या पुढे येते का ते आधीच मोजावे लागते. जोत्याजवळ पाण्याला न बधणारे कडक फोम वापरावेत. वरच्या भागात खनिज लोकरीचे तक्ते मला अधिक आवडतात, कारण ते वाफेला अडवत नाहीत आणि जळत नाहीत. तक्ते चिकटवताना गोंदाचे नुसते पाच गोळे टाकून काम उरकतात, ते मुळीच चालू देऊ नये. कडेने सलग पट्टी आणि मध्ये गोळे हवेत. नाहीतर तक्त्यामागे गार हवा खालून वर फिरते आणि एवढी जाडी लावूनही भिंत गारच राहते. जमिनीखालच्या पोकळीला वारा देणाऱ्या जाळ्या थराखाली गाडल्या जाणार नाहीत हेही पाहावे; त्या बंद केल्या की खालच्या मजल्याचे लाकूड कुजते.

आगीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत जुनीच होती. काही काळापूर्वी बाहेरून उष्णतारोधक थर आणि पॉलिथिलीनचा गाभा असलेले धातूचे पत्रे तिच्यावर चढवले गेले होते, आणि आग त्यांच्यावरून वर पसरत गेली. आपले घर बैठे किंवा दुमजली असले तरी थरात पोकळी किती आहे, ती मजल्यागणिक आणि शेजारच्या घराच्या हद्दीवर आगरोधक पट्टीने तोडली आहे का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

दर्शनी भाग संरक्षित असेल, भिंत रस्त्याच्या अगदी हद्दीवर असेल, किंवा सुंदर दगडी नक्षी झाकावी लागत असेल, तर आतूनच काम करणे भाग पडते. ते वाईटच असते असे नाही, पण त्याला नेमकेपणा लागतो. येथे माझी पसंती कॅल्शियम सिलिकेटच्या किंवा लाकूडतंतूंच्या तक्त्यांना आहे. फोमच्या तुलनेत त्यांचा रोध कमी पडतो. कॅल्शियम सिलिकेटचे ५० मिलिमीटर लावूनही यू-मूल्य ०.७५ च्या आसपासच येते. परंतु थंड बाजूला धरलेले पाणी हे तक्ते टिपकागदासारखे ओढून घेतात, अंगभर पसरवतात आणि खोलीकडे परत सोडतात. शिवाय कॅल्शियम सिलिकेट अल्कधर्मी असल्याने बुरशीला ते मानवत नाही. हा गुण टिकवायचा असेल तर वरचा लेप चुन्याचा आणि रंगही चुन्याचा किंवा सिलिकेटचा हवा. त्यावर प्लॅस्टिकचा रंग किंवा विनाइलचा कागद चढवला की सगळी योजना बंद होते. हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे, कारण ही चूक बहुधा पाच-सात वर्षांनी, पुन्हा रंगकाम काढले की होते.

चिकटवण्याआधी जुना रंग, कागद, जिप्समचा लेप आणि सुटलेला गिलावा पूर्ण काढावा, भिंत चुन्याच्या लेपाने सपाट करावी आणि दातेरी थापीने गोंद सलग पसरून तक्ता दाबून बसवावा. मागे हवेची पोकळी राहता कामा नये. पोकळीत फिरणारी हवा खालच्या कोपऱ्यातली ओल वरच्या कोपऱ्यात नेऊन सोडते. एक तक्ता लावल्यावर लगेच उचलून पाहावा. मागे सगळीकडे गोंदाचे ठसे उमटले असतील तरच पुढचा लावू द्यावा. खोल्यांमधल्या आतल्या भिंती जिथे बाहेरच्या भिंतीला मिळतात तेथे थर अर्धा मीटरभर त्या भिंतीवरही निमुळता करत न्यावा, नाहीतर बुरशी त्या सांध्यात जाऊन बसते. खिडकीच्या खाचेत जागा कमी असते. तेथे पातळ पण अधिक रोधाचा तक्ता वापरावा.

तुळयांच्या टोकांविषयी अधिक काळजी घ्यावी. आतून थर दिला की ती टोके पूर्वीपेक्षा गार होतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहू लागली की कुजण्याचा धोका सुरू होतो. त्यामुळे काम सुरू होण्याआधी भिंतीलगतची जमिनीची एक फळी उचलून निदान दोन-तीन टोके तपासावीत, विशेषतः पाऊस ज्या बाजूने झोडपतो त्या बाजूची. टोके ओली असतील तर त्या भिंतीला आतून थर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कोरडी असतील तर तुळई जिथे थरातून आरपार जाते तेथे तिच्या चारही अंगांनी हवाबंद पट्टी लावावी आणि एखाद्या टोकात ओलमापक टोचून त्याची तार बाहेर काढून ठेवावी, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे आकडा पाहता येईल.

विजेच्या तारा हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. तारेभोवती उष्णतारोधक सामग्री आली की तिची स्वतःची उष्णता बाहेर पडत नाही. चारही बाजूंनी वेढलेल्या तारेची विद्युतप्रवाह वाहण्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. पीव्हीसीचे आवरण थर्मोकोलसारख्या फोमला टेकून राहिले तर ते कालांतराने कडक आणि ठिसूळ होते. चिनी मातीच्या टेकूंवरून नेलेल्या, उघड्या हवेवर गार राहणाऱ्या जुन्या तारा भिंतीत असतील तर त्या बदलल्याशिवाय काहीही झाकू नये.

आता जाडीचा प्रश्न. आपल्या भिंतीवर खनिज लोकरीचे पहिले ५० मिलिमीटर उष्णतेची गळती सुमारे ७३ टक्क्यांनी कमी करतात. पुढचे ५० मिलिमीटर मूळ गळतीच्या सुमारे साडेअकरा टक्के वाचवतात आणि त्यापुढचे ५० मिलिमीटर जेमतेम पाच टक्के. बाहेरून काम करताना मी तरीही १०० ते १५० मिलिमीटर सुचवतो, कारण पाडापाडी, परांची आणि मजुरी तीच राहते आणि जाडी वाढली की भिंत अधिक सुरक्षितच होते. आतून मात्र उलटे घडते. दर वाढीव मिलिमीटरमागे बचत घटते आणि भिंत अधिक गार, म्हणून अधिक ओली होते. बाहेरच्या विटांत साठलेले पाणी गोठून त्यांचे कवच उडण्याची शक्यताही वाढते. म्हणून आतून ५० ते ६० मिलिमीटरवर थांबावे.

यानंतर वाऱ्याचा विचार आलाच पाहिजे. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे वाळवणे यांतून रोज आठ ते बारा लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. जुने घर फटींतून आपोआप श्वास घेत होते. आपण फटी बुजवल्या की ते पाणी घरातच राहते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून हवा बाहेर ओढणारे पंखे आणि राहत्या खोल्यांत हवा आत येण्याची ठरावीक वाट, हे उष्णतारोधनाच्या कामाचेच अंग समजावे. घरात ज्वलनावर चालणारी शेगडी किंवा बंब असेल तर त्याला लागणारी हवा आणि धुराड्याचा ओढा पुन्हा तपासून घेणे हा जिवाचा प्रश्न आहे.

वरील सर्व विवेचन भरीव विटांच्या भिंतीला लागू आहे. भिंत दुहेरी असून मध्ये पोकळी असेल तर विटांमधल्या सांध्यांत १० ते १२ मिलिमीटरचे छिद्र पाडून, नळीचा कॅमेरा आत घालून, ती पोकळी मोकळी आहे की चुन्याच्या गोळ्यांनी तुंबलेली आहे ते आधी पाहावे; पावसाचा मारा थेट झेलणाऱ्या भिंतीत ती भरणे धोक्याचे ठरते. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत फुंकून भरायचे कागदी तंतू घनमीटरला ५५ ते ६५ किलो एवढे दाबून भरले नाहीत तर कालांतराने खाली बसतात आणि वर रिकामी जागा पडते. मातीच्या भिंतीवर फोम किंवा सिमेंट लावूच नये. आणि जेथे वर्षातला बराच काळ बाहेर गरम-दमट हवा आणि आत वातानुकूलन असते, तेथे वाफ बाहेरून आत येते; अशा ठिकाणी आतला प्लॅस्टिकचा पडदा पाणी साठवणारा सापळा ठरतो.

आपल्या घरापुरते बोलायचे तर, बाहेर आधीच गिलावा आहे, म्हणजे उघड्या विटांचे सौंदर्य झाकले जाण्याचा प्रश्न नाही. हद्द आणि परवानगी यांची अडचण नसेल तर या घरासाठी बाहेरूनच, खनिज लोकरीचा, १०० मिलिमीटरच्या आसपासचा थर योग्य आहे. या वर्षी पन्हळी, पाट, जोते आणि सुटलेला गिलावा एवढे करून घ्यावे आणि काम पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी काढावे. तोपर्यंत कपाट भिंतीपासून आठ ते दहा सेंटिमीटर पुढे ओढावे, त्याच्या तळाशी आणि माथ्याशी हवा जाऊ द्यावी, बुरशी ओल्या फडक्याने आणि तोंडाला मास्क बांधून पुसावी आणि खोलीत एक साधा आर्द्रतामापक ठेवून रोज सकाळी खिडकी उघडण्याआधीचा आकडा वहीत लिहावा. तो सतत ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर दवबिंदू १२ अंशांवर येतो, आणि मग भिंतीइतकेच लक्ष पंख्याकडे द्यावे लागेल. महिन्याभराचे ते आकडे आणि उचललेल्या फळीखालच्या तुळईच्या टोकाचे छायाचित्र हाती आले की ठेकेदाराशी पुढचे बोलणे करावे.